बराक तीनमधले एक्केचाळीस

बुधवारी सकाळी साडेआठला न्यायदंडाधिकारी शिवगंगा खानापुरे यांचा फोन वाजला.

"मॅडम, डॉक्टर इंगवले बोलतोय, सरकारी दवाखान्यातून. कारागृहातल्या मयताची चौकशी तुमच्याकडे आहे ना?"

"हो. आदेश कालच मिळाला."

कोठडीत माणूस गेला की चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करायची, असा नियम आहे. शिवगंगाच्या वाट्याला अशा दोन चौकश्या येऊन गेल्या होत्या. दोन्ही आजारपणाच्या निघाल्या होत्या.

"मग अहवाल लिहिण्याआधी एक गोष्ट कानावर घालतो," डॉक्टर म्हणाले. "आकाराम खोत, वय त्रेसष्ट. कागदावर लिहिलंय की साडेतीनला बराकीत छातीत कळ आली आणि तो गेला. माझ्यासमोर त्याला आणलं चार वाजून पाच मिनिटांनी. तेव्हा त्याचा जबडा आणि मान ताठ झाली होती."

"अर्ध्या तासात?"

"होत नाही. उन्हाळा धरला तरी दोन तास उलटून गेले होते. तो एक-दीडच्या सुमाराला गेला असावा. आणि हृदयानं नाही. दम्याचा पेशंट होता, श्वास कोंडून गेलाय. अंगातलं पाणीही आटलेलं होतं."

"आणखी काही?"

"उजव्या हाताची तीन नखं तुटलीत. नखांत लाल रंग आहे. रक्त नव्हे. लोखंडाला गंज लागू नये म्हणून लावतात ना, तो."

शिवगंगाने वेळा कागदावर टिपल्या आणि लघुलेखक बाळासोंना गाडी काढायला सांगितली.

माळवाडीचं कारागृह उचगाव मागे टाकून हातकणंगल्याकडे जाताना डाव्या हाताला लागतं. आत शिरताना तिचा फोन, पर्स, पाण्याची बाटली सगळं फाटकावर ठेवून घेतलं. मागे दार लागलं आणि मग पुढचं उघडलं. मधल्या अंधाऱ्या जागेत बाळासो दोनदा खाकरले.

अधीक्षक सोमशेखर हुक्केरी दारापर्यंत आले. पन्नाशीचे, हळू बोलणारे. बंदिवानांसाठी वाचनालय त्यांनी उभं केलं होतं. शहरातल्या सभांत तुरुंग सुधारणेवर त्यांची भाषणं होत. शिवगंगाने त्यांतलं एक ऐकलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं.

"मॅडम, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "बराक तीन चाळीस जणांसाठी बांधलीय. तिथं शहाण्णव माणसं आहेत. चार वर्षं वर पत्रं पाठवतोय. तुम्ही अहवालात हेच लिहा. गर्दीनं माणूस मारला."

शिवगंगाला नवल वाटलं. अधिकारी आकडे झाकतात, हा माणूस स्वतःहून सांगत होता.

"काल इथे राज्याची सुधारणा समिती आली होती ना?"

"हो. खुल्या वसाहतीसाठी एक कारागृह निवडायचंय त्यांना. बंदिवानांनी शेती करायची, चाळीत राहायचं, भिंत नाही. दुपारी सव्वादोनला पाहुणे गेले आणि सव्वा तासात हे घडलं."

"दिवसभर तुम्ही समितीबरोबरच होता?"

"साडेबारापासून ते जाईपर्यंत. पाऊण वाजता बराक तीन दाखवली, मग भोजन. एक मिनिटही सोडलं नाही त्यांना."

"आणि जेलरसाहेब?"

"सोमवारपासून रजेवर आहेत. मुलीचं लग्न."

टेबलावर त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं. त्यात दोन फोटो. पहिल्यात बराक तीन. बंदिवान दोन रांगांत मांडी घालून बसलेले, मधल्या मोकळ्या वाटेनं समितीचे सदस्य चाललेले. दुसरा भोजनाचा. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दारात एक शिपाई उभा होता, डोक्यावर टोपी नाही, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला.

"हा अंक मी नेऊ?"

"न्या की," हुक्केरी म्हणाले.

बराक तीनचं दार उघडताच आतली वाफ अंगावर आली. माणसं भिंतीला टेकून, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून, संडासाच्या उंबऱ्यापर्यंत बसली होती. पाय टाकायला जागा नव्हती. पुढे जायचं तर कुणाला तरी उठावं लागत होतं, आणि उठलेल्याला उभं राहायला दुसऱ्याला गुडघे जवळ घ्यावे लागत होते. वर दोन पंखे होते. एक बंद होता.

शिवगंगाला दोन मिनिटांतच बाहेर जावंसं वाटू लागलं. ती तशीच उभी राहिली.

"आकाराम कुठे झोपायचे?"

पिराजी नावाच्या तिशीतल्या बंदिवानानं हात केला. "हितं. माझ्या बाजूला. निम्मी रात मी आडवा व्हायचो, निम्मी त्येनी."

जागा सव्वा फूट रुंद असेल. वर खिळ्याला कापडी पिशवी लटकत होती. बसल्या जागेवरून हात पोचेल इतक्या उंचीवर. बाळासोंनी ती काढली. आत टॉवेल, कंगवा आणि दम्याचा पंप. पंप भरलेला होता.

तिने पाच जणांना वेगवेगळं बाहेर बोलावून विचारलं. पाचही जणांनी सांगितलं, "साडेतीनला छातीत कळ आली, आम्ही पाणी पाजलं, साहेब लगेच आले." शब्दांची जागासुद्धा बदलली नाही.

पिराजी शेवटचा होता.

"त्यांनी पंप मागितला नाही?"

"इसरलं असत्याल."

"दम लागलेला माणूस डोक्यावरचा पंप विसरतो?"

पिराजीनं दाराकडे पाहिलं. तिथं गुंडू नावाचा शिपाई उभा होता. रुंद खांद्यांचा, चढ्या आवाजाचा. त्याच्या उजव्या पंजाला पट्टी बांधलेली होती. फोटोतला, दारात उभा असलेला शिपाई हाच होता.

"बाईसाब," पिराजी खालच्या आवाजात म्हणाला, "माझी आई म्हातारी हाय. म्हैन्याला एस्टीनं हितं येती. नागपूरला न्हाय यायची ती."

"नागपूरचं नाव कुणी काढलं?"

पिराजीनं मान खाली घातली.

किल्ल्यांची खोली फाटकाशेजारी होती. तिथला कृष्णात वीस वर्षं तेच काम करत होता. भिंतीवर आकडे, आकड्यांवर किल्ल्या आणि समोर नोंदवही.

"किल्ली नेताना प्रत्येकाची सही असते?"

"असती की. गुंडू असूदे न्हायतर जेलर, सही केल्याबगार किल्ली हालत न्हाय. साहेबांची तेवढी घेत न्हाय. सतरा नंबरची किल्ली बघताय व्हय? ती नव्या शेडची."

शिवगंगाने पान उलटलं. सतरा नंबरची शेवटची नोंद शनिवारची होती.

"काल शेड उघडली नाही?"

"वहीत न्हाय म्हंजे न्हाय."

"किल्ल्या किती आहेत?"

"एकच आली. दुसरी ठेकेदाराकडं हाय, त्यो शनवारपास्नं फिरकला न्हाय. पर आता दोन्हीचा उपेग न्हाय. काल सांजच्याला कुलूप बदललं. जुनं बिघडलं म्हणं."

"उघडलीच नाही त्या शेडचं कुलूप बिघडलं?"

कृष्णातनं वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ते मला कसं ठाऊक असणार, बाईसाब?"

शेड मागच्या अंगणात होती. सुतारकामासाठी बांधलेली, अजून वापरात न आलेली. वर पत्रा. खिडक्यांना गज बसायचे होते, म्हणून तिथंही पत्रे ठोकलेले. दार लोखंडी आणि त्यावर रंगाआधीचा लाल हात दिलेला. कडीच्या आजूबाजूला तो रंग खरवडला गेला होता आणि एक कोयंडा वाकला होता. त्यात नवं कोरं कुलूप.

कृष्णातनं दार उघडलं. आत जमीन धुतलेली दिसत होती. शिवगंगाने बाळासोंना बाहेर थांबवलं, आत गेली आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

वरच्या पत्र्यानं आतली हवा तापली होती. ती एकटीच होती, तरी थोड्या वेळात तिला श्वास ओढून घ्यावा लागला. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात आतली बाजू दिसली. हाताच्या उंचीवर, एकाखाली एक, नखांचे ओरखडे होते. तिनं दारावर थाप मारली. बाहेर बाळासो लगबगीनं कडीशी झटले, तरी दार उघडायला काही क्षण गेले. ते क्षण तिला लांबलचक वाटले.

गुंडूला तिनं कारकुनाच्या खोलीत बोलावलं.

"हाताला काय झालं?"

"पडलो. जिन्यावरनं."

"कुठल्या जिन्यावरनं?"

"हितल्याच."

"इथं सगळ्या इमारती एकमजली आहेत."

गुंडूनं पट्टीचा हात पाठीमागं घेतला.

"काल एक वाजून दहा मिनिटांनी तुम्ही भोजनाच्या खोलीच्या दारात काय करत होता?"

"निरोप हुता."

"काय निरोप?"

"मला काय इचारू नगा, बाई. माझी आठ वर्सं नोकरी हाय अजून. दोन पोरी हाईत. ह्यो दगड डोक्यावर घिऊन मी न्हाय ऱ्हाऊ शकत, आन् खाली बी न्हाय टाकू शकत."

"तुमच्यावर खुनाचा आरोप येऊ शकतो, कळतंय ना?"

"येऊदे," तो म्हणाला आणि भिंतीकडे बघत बसला.

शिवगंगा परत गाडीपाशी आली. बाळासोंना तिनं वर्तमानपत्र दिलं आणि बराकीच्या फोटोतली डोकी मोजायला सांगितली. त्यांनी पेनाचं टोक एकेका चेहऱ्यावर ठेवत दोनदा मोजलं.

"एक्केचाळीस, मॅडम. आणि सगळी बराक दिसतीय ह्यात, भिंतीपासून भिंतीपर्यंत."

"त्यांत आकाराम?"

बाळासोंनी तुरुंगाच्या कागदावरचा फोटो शेजारी धरला. "नाहीत. बाकीची म्हातारी माणसं मात्र पहिल्या रांगेत आहेत."

दुपारी चारला अधीक्षकांच्या खोलीत सगळे जमले. हुक्केरी खुर्चीत होते. गुंडू, कृष्णात आणि पिराजी भिंतीपाशी उभे. पोलीस ठाण्याच्या निरीक्षकांना शिवगंगानं बोलावून घेतलं होतं. बाळासो वही उघडून बसले.

"आकाराम साडेतीनला गेले नाहीत," शिवगंगानं सुरुवात केली. "चारला त्यांची मान ताठ झाली होती. एक-दीडच्या सुमाराला ते गेले. पण पाऊण वाजता समिती बराक तीनमधून फिरत होती. तेव्हा काढलेल्या फोटोत आकाराम नाहीत. म्हणजे ते तिथं नव्हतेच. पंप खिळ्यालाच राहिला, तो त्यामुळं. हात लांब केला की मिळणारी वस्तू त्यांना मिळाली नाही."

"मॅडम, घाबरलेला माणूस..." हुक्केरी म्हणाले.

"थांबा. या फोटोत एक्केचाळीस माणसं आहेत. शहाण्णवांतली पंचावन्न कुठे होती? आज सकाळी मी ती बराक पाहिली. रांगा सोडाच, तिथं पाय ठेवायला जागा नाही. समितीला जे दाखवलं ते खोटं होतं. पंचावन्न माणसं त्या वेळी नव्या शेडमध्ये होती. आकारामच्या नखांत त्या दाराचा लाल रंग आहे आणि दाराच्या आतून त्यांचे ओरखडे आहेत. झडती घेऊन नेलं असणार, म्हणून पंप बरोबर नव्हता."

पिराजीनं डोळे मिटले होते.

"कुलूप फोडलं गेलं. कोयंडा वाकलाय, कुलूप बदललंय. कुणी फोडलं हे गुंडूंचा पंजा सांगतो. मला आधी वाटलं, यांनीच माणसं कोंडली आणि आता लपवतायत. पण ज्याच्याकडे किल्ली आहे तो कुलूप फोडत नाही."

गुंडूनं मान वर केली.

"मग किल्ली कुणाकडे होती? वहीत सतरा नंबरची नोंद नाही. कृष्णात म्हणाले, सहीशिवाय किल्ली हलत नाही. जेलर असो, शिपाई असो. किल्ली गेली आणि सही नाही, असं एकाच माणसाच्या बाबतीत होऊ शकतं. तुमच्या, हुक्केरीसाहेब. तुम्ही शेडला कुलूप लावलंत, किल्ली खिशात टाकलीत आणि पाहुण्यांना घ्यायला गेलात. समितीला तुम्ही एक मिनिटही सोडलं नाही, आणि ती किल्लीही तितका वेळ तुमच्या खिशात राहिली."

निरीक्षक खुर्चीत पुढे सरकले.

"गुंडू, एक वाजून दहा मिनिटांनी दारात काय बोलणं झालं?"

गुंडूनं अधीक्षकांकडे पाहिलं नाही. "आतनं दार वाजवाय लागली हुती समदी. आकाराम मामा पडलाय, पंप आणा म्हणत हुती. मी पळत आलो. साहेबांस्नी म्हटलं, किल्ली द्या, माणूस जातोय. साहेब हासून म्हणालं, पाहुणं जेवाय बसल्यात, नंतर बघू. मी परत एकदा म्हटलं. तर म्हणालं, जा. मग मी पहार घिऊन कुलपावर घातली. हात फाटला. दार उघडलं तवर..." त्यानं पट्टीवर दुसरा हात ठेवला. "पाहुणं गेल्यावर साहेब आले. मामाला उचलून बराकीत न्यायला लावलं. जो त्वांड उघडंल त्येला नागपूरला धाडीन म्हणालं. मला बी म्हणालं, कुलूप तू फोडलंस, तूच अडकशील."

"एक प्रश्न राहतो," शिवगंगा म्हणाली. "साठीच्या वरचे बाकी सगळे बंदिवान फोटोत पहिल्या रांगेत आहेत. म्हातारी माणसं शेडमध्ये घातली नव्हती. मग एकटे आकारामच का?"

या वेळी पिराजी बोलला.

"सोमवारी मामानं साहेबांस्नी सांगितलं हुतं. समितीफुडं मी उभा ऱ्हानार, म्हणाला. शहाण्णव माणसं कशी झोपत्यात ते सांगनार. साहेबांनी त्येच्या खांद्यावर हात ठिवला. म्हणालं, तुमच्या मनातलंच हाय माझ्या मनात. मामाला लई बरं वाटलं. मंगळवारी शेडचं दार उघडलं, तर पयलं नाव मामाचं पुकारलं."

हुक्केरींनी चष्मा काढला. तो रुमालानं पुसला.

"दोन तासांचा प्रश्न होता," ते म्हणाले. "वसाहत मिळाली असती तर दोनशे माणसं या भिंतीबाहेर गेली असती, मॅडम. गर्दी दाखवली की समिती म्हणते, या अधिकाऱ्याला कारागृह सांभाळता येत नाही. मागच्या दोन कारागृहांना हेच सांगून नाकारलं. नीटनेटकं दाखवलं तर निदान काहीतरी मिळतं. आकाराम बोलला असता तर सगळं गेलं असतं. मला त्याला मारायचं नव्हतं."

"ते मला पटतं," शिवगंगा म्हणाली. "पण गुंडू दारात आले तेव्हा तुम्हाला सगळं कळलं होतं. किल्ली काढून दिली असती तर वसाहत गेली असती आणि माणूस राहिला असता. तुम्ही पानावरून उठला नाहीत."

"पाहुण्यांसमोर..." म्हणत त्यांनी चष्मा परत चढवला.

निरीक्षकांनी त्यांना बरोबर चलायला सांगितलं. बाहेर पडताना दोन्ही दारांवर त्यांची झडती झाली. कृष्णातनं ती स्वतः घेतली, नेहमीसारखी, खालपासून वरपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आकारामची बायको धोंडुबाई जबाब द्यायला न्यायालयात आली. राधानगरीकडच्या वाडीवरून सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाली होती. बांधाच्या भांडणात पुतण्याला विळा लागला, एवढाच गुन्हा होता. तीन वर्षं खटला उभाच राहिला नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"किती येळ लागला त्येनला?" तिनं विचारलं.

खोटं सांगणं सोपं होतं. "वीस-पंचवीस मिनिटं," शिवगंगा म्हणाली. "दाराशीच होते. बाकीचे त्यांना फटीजवळ धरून बसले होते, हवा मिळावी म्हणून."

धोंडुबाईनं मान हलवली. मग शिवगंगाकडे निरखून पाहिलं.

"मी तुमास्नी वळखते. गेल्या दिवाळीच्या म्होरं तुमच्या कोर्टात दोनदा आलते मी."

"माझ्या?"

"राधानगरीला. पयलं साहेब बदलून गेलते, तवा तुमी यायच्या. त्येनला आणायला पोलीस न्हाईत म्हणून फुडची तारीख दिलीसा. दोन्ही बारीला. मी मागं बाकावर बसलेली."

तो कार्यभार तिच्याकडे दोनच महिने होता. दिवसाला ऐंशी-नव्वद प्रकरणं. शिवगंगाला बाक आठवला, खिडकी आठवली, ही बाई आठवली नाही. तिनं खटल्याची फाइल मागवली. रोजनाम्यात दोन ओळी सापडल्या. आरोपीस हजर केले नाही. पुढील तारीख. खाली तिची सही.

धोंडुबाई गाडीची वेळ झाली म्हणून उठली. अंगठा कुठं करायचा ते तिनं विचारलं, केला, आणि गेली.

बाळासो अहवालाचं शेवटचं पान टंकायला बसले होते. अधीक्षकांवरचे निष्कर्ष झाले होते, बराकीतल्या संख्येचे झाले होते, पंचाण्णव माणसांना तातडीनं हलवण्याची शिफारसही झाली होती.

"संपवू का, मॅडम?"

"अजून एक परिच्छेद घ्या," शिवगंगा म्हणाली. "मयत बंदिवान कच्चा कैदी होता. त्याला न्यायालयात हजर न करताच त्याच्या खटल्यात वेळोवेळी तारखा देण्यात आल्या. त्यांपैकी दोन तारखा..."

बाळासोंची बोटं थांबली. त्यांनी वर पाहिलं.

"दोन तारखा," तिनं पुन्हा सांगितलं, "प्रस्तुत चौकशी अधिकाऱ्याने दिल्या आहेत. त्याबाबत वरिष्ठांनी योग्य ती कार्यवाही करावी. लिहा."

बाळासोंनी ते लिहिलं. तिनं पान वाचलं आणि खाली सही केली.